अकरा ते एक, हृदयाची वेळ

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. जीभ दाखवायला सांगितली.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मुलुंड पूर्वेच्या या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते. हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि समोर हा उंच, सडपातळ गृहस्थ. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि पायात काळे कापडी बूट. "नवीन का? जीभ बघू," इतक्या सहज म्हणाले की मी काढलीसुद्धा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली आणि नीट पाहिली. "टोक लाल आहे. झोप लागत नाही ना? छातीत धडधडतं?" तेवढ्यात आमचा मजला आला. ते बाहेर पडले, मीही पडले, आणि मग दोघांनाही कळलं की आपली दारं समोरासमोर आहेत.

धडधडत तर होतंच. आई गेल्यापासून मला काय झालं होतं कोण जाणे, बसल्या बसल्या छातीत घोडे उधळायचे. सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर एकच वाक्य म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका." जणू मी ते बाजारातून निवडून आणत होते. या माणसाने मात्र जिभेकडे बघून दोन मिनिटांत विचारलं होतं, "कोण गेलं घरातलं?" आणि मी दुधाच्या पिशव्या हातात धरून लिफ्टच्या दारात रडले होते.

इमारतीतले सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बागेतले हास्यक्लबवाले त्यांना पाठीमागे 'चिनी मास्तर' म्हणायचे. ते मास्तर कधीच नव्हते. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नोकरीत असताना तिथे एक यंत्र बसवायला चीनहून एक म्हातारे तंत्रज्ञ आले, आणि यंत्र काही केल्या चालेना म्हणून बरेच महिने राहिले. रोज सकाळी ते गेस्ट हाऊसच्या अंगणात पाण्यात चालल्यासारखे हळूहळू हात हलवत उभे असायचे. काका एक दिवस जाऊन शेजारी उभे राहिले. काकांना चिनी येत नव्हतं, त्या म्हाताऱ्यांना मराठी येत नव्हतं, इंग्रजीत दोघांची सारखीच बोंब. मग दोघं कागदावर चित्रं काढून बोलायचे. त्या म्हाताऱ्यांनी काकांना चीगाँग शिकवलं, म्हणजे श्वास आणि हालचाल एकत्र बांधायचा त्यांचा व्यायाम, आणि काकांनी त्या प्रत्येक हालचालीचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने आणि वरून. कोपराचा कोन, गुडघ्याचा कोन, टाचांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. ती ड्रॉइंग्ज त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेली होती. पाहुण्यांना वाटायचं, कुठल्यातरी क्रेनचे सुटे भाग आहेत.

रोज सकाळी आमच्या जवळच्या बागेत त्यांचा वर्ग भरायचा. पैसे घेत नसत. अटी मात्र होत्या. उशिरा यायचं नाही, मोबाइल आणायचा नाही, आणि वर्गात यायच्या आधी ईसीजी काढून आणायचा. "मी डॉक्टर नाही," असं ते दर नव्या माणसाला बजावत. "चालू असलेल्या गोळ्या बंद करणार असशील तर माझ्याकडे येऊ नकोस. मी स्वतः बीपीची गोळी घेतो. हे औषध नाही, हे राहण्याची पद्धत आहे." त्यांच्यावर पुढे लोकांनी काय काय आरोप केले, तेव्हा मला हे वाक्य सगळ्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटायचं.

हृदयावर बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. "लोक म्हणतात पंप. पंप मी आयुष्यभर काढले ड्रॉइंगमध्ये. हृदय पंप नाही. राजा आहे. चिनी वैद्यक काय सांगतं? मन डोक्यात राहत नाही, हृदयात राहतं. त्याला ते शेन म्हणतात. राजा शांत तर शेन घरी. राजा भडकला, घाबरला की शेन घर सोडून भटकतं. मग झोप नाही, धडधड आहे, बोलताना शब्द सापडत नाहीत." मग माझ्याकडे बघायचे. "हिचं शेन अजून आईकडे जाऊन बसलंय. हरकत नाही. येईल परत. रागवायचं नाही त्याच्यावर." सांगायला लाज वाटत नाही, या एका वाक्याने मला जेवढी झोप दिली तेवढी कुठल्या गोळीने दिली नाही.

हृदयाचा म्हणून एक आवाजही होता. हात वर नेत, डोळे मोठे करून, पोटातून सावकाश सोडायचा 'हाऽऽ'. आत साठलेली जादा उष्णता त्याने बाहेर जाते म्हणे. आता गंमत अशी की बागेत आमच्या शेजारच्याच झाडाखाली हास्यक्लब भरायचा. आमचा 'हाऽऽ' संपायच्या आत त्यांचं 'हाहाहा' सुरू व्हायचं. हास्यक्लबाचे अध्यक्ष म्हणजे अवाढव्य पोटाचे, आयकर खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते एकदा ओरडून म्हणाले, "अहो मास्तर, तुमच्या लोकांचं हसू अर्ध्यावरच अडकतंय की! आमच्याकडे पाठवा, पुरं करून देतो!"

काका शांतपणे त्यांच्यापर्यंत चालत गेले. "आनंद हीच हृदयाची भावना आहे, साहेब. पण ती उधळायची नसते. अति आनंदाने राजा सैल पडतो. तुम्ही लोक रोज सकाळी तिजोरी उघडून रस्त्यावर ओतताय." अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि मग त्यांना इतकं हसू फुटलं की बाकावर बसावं लागलं. काका परत आले आणि म्हणाले, "जिभेचं टोक बघायला हवं याचं." पुढे एकदा बघितलंही. अध्यक्षांनी सगळ्या क्लबासमोर लांबलचक जीभ काढून दाखवली आणि कुणीतरी फोटो काढून बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काकांनी त्या फोटोखाली गंभीरपणे लिहिलं, 'टोक लाल. मिठाई कमी करा.'

सोसायटीच्या सभेतही त्यांचं हेच. पार्किंगवरून भांडण पेटलं की ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी सगळ्यांनी मनगट धरा." हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेषेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे एक जागा असते. तिचं चिनी नाव 'आतला दरवाजा'. तिथे अंगठ्याने हलकेच दाबून धरलं की राजा निवतो, असं ते सांगत. सेक्रेटरी वैतागायचे, पण अर्धी सभा मुकाट्याने मनगट धरून बसलेली असायची.

आणि मग त्यांची ती वेळ. चिनी घड्याळात प्रत्येक अवयवाला दिवसातली आपली वेळ असते. हृदयाची अकरा ते एक. त्या वेळात काका बेडरूमचं दार आतून लावून, खिडकीकडे तोंड करून, तळवे मांडीवर ठेवून बसत. फोन बंद, बेल वाजली तरी उठायचं नाही, बोलायचं नाही. निवृत्त झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. पोस्टमन, कुरिअरवाले, गॅसवाले, सगळ्यांना ही वेळ माहीत होती.

माहीत करून दिली होती ती काकूंनी.

काकू मालवणकडच्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. माझ्याशी मुंबईचं मराठी बोलायच्या, पण नवऱ्याची थट्टा करायची असली की गावाकडच्या बोलीवर यायच्या. अकरा वाजले की बाहेरचं दार अर्धवट लोटून त्या दारातच भाजी निवडत बसायच्या. कोणी आलं की ओठावर बोट. "ह्यांचो राजा बसलो सिंहासनार. एक वाजेपर्यंत दरबार बंद." राजाला कडू चव मानवते म्हणून घरात रोज कारलं शिजायचं. ते चिरता चिरता त्या म्हणायच्या, "ह्यांच्या राजाक कारलां व्हया, माका बांगडो. संसार केलाय गो तरी."

लग्नानंतर सुरुवातीला त्यांना हे सगळं मजेचं वाटायचं, असं त्यांनीच मला सांगितलं. निवृत्तीनंतर ती दुपारची बैठक सुरू झाली तेव्हा एकदा सिलिंडरवाला आला म्हणून त्यांनी बेडरूमचं दार ठोठावलं. काका बाहेर आले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. पण त्या दिवशी जेवले नाहीत, संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसतं छातीवर हात ठेवून बाल्कनीत बसून राहिले. "राजा दचकला," एवढंच रात्री म्हणाले. "त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या ना गं, परवडलं असतं," काकू मला म्हणाल्या. "तेव्हापासून मी दाराला हात लावत नाही. छत गळलं तरी बादली लावून बसते."

बागेत काका आम्हाला हृदयाभोवतीच्या वेष्टनाबद्दल सांगायचे. चिनी वैद्य त्याला वेगळा अवयव मानतात. तो राजाचा द्वारपाल. राजावर येणारा घाव आधी तो झेलतो, मरायची वेळ आली तर आधी तो मरतो. सांगताना ते दोन्ही हात छातीसमोर ढालीसारखे धरायचे. मी ते ऐकत असे, आणि घरी आले की समोरच्या दारात काकू भाजी निवडत बसलेल्या दिसायच्या. इतका बारकाईने बघणारा माणूस, मिलिमीटर चुकला तर कोपर हलवायला लावणारा. आपल्या घरात हे काम कोण करतंय, ते मात्र त्यांना कधी दिसलं नाही.

प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. बागेतून येताना ते रोज मोगऱ्याचा गजरा आणायचे आणि एक अक्षर न बोलता फ्रिजच्या हँडलला अडकवून ठेवायचे. काकू तो माळून माझ्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "बघ, आमच्या फ्रिजने दिला." पण हातात द्यावा, केसात माळावा, हे त्या माणसाच्या पद्धतीत बसत नव्हतं. कॅनडातल्या मुलाला मुलगी झाली त्या सकाळी काकांनी फोन घेतला, "बरं. छान. छान," म्हणाले, फोन ठेवला, बूट घातले आणि खाली कंपाउंडमध्ये फेऱ्या मारायला निघून गेले. एकदम मोठा आनंद झाला की तो आधी पायातून खाली उतरवायचा असतो, हा नियम. इकडे काकू आजी झाल्या होत्या आणि घरात मिठी मारायला कोणी नव्हतं. त्या साखरेची वाटी घेऊन माझ्या दारात आल्या, माझ्या तोंडात साखर कोंबली, हसल्या, डोळे पुसले. "आमचे हे आनंदसुद्धा पथ्याने खातात," म्हणाल्या.

काकांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती, आणि ती ते दर आठवड्याला माझ्यापाशी बोलून दाखवायचे. काकूंनी एकदा तरी वर्गाला यावं. "तू सांग तिला. तुझं ऐकते. तिचं वजन वाढलंय, जिना चढताना थांबते. मी बघतो ना." मी सांगायचे. काकूंचं उत्तर ठरलेलं, "घरात एक चीन पुरे." पण एकदा मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तिथे सगळ्यांना ते हात धरून शिकवतात ना गं?"

"हो ना. माझं कोपर तर शंभरदा सरळ केलं असेल."

"हं," म्हणाल्या आणि परत कारलं चिरायला लागल्या. "मी तिथे येऊन विसावी शिष्य होणार. मग मलाही ते हात धरून शिकवणार. नको बाई. घरी आहे तीच बरी."

तेव्हा मला ती नुसती थट्टा वाटली होती. आज वाटत नाही.

तो दिवस साधाच होता. मी घरून काम करत होते. समोरचं दार अर्धवट लोटलेलं होतं, पण काकू दारात बसलेल्या नव्हत्या, एवढंच मी पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं. स्वयंपाकात असतील. एकच्या सुमारास माझी बेल वाजली. दारात काका. पायात बूट नव्हते. "जरा ये," म्हणाले. "हिला बरं वाटत नाहीये."

काकू ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. गाउन घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. गॅस बंद केलेला, ताटं मांडलेली, वरण झाकलेलं. दोन माणसांचा सगळा स्वयंपाक झालेला होता. मला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ते म्हणाले वेळ लागेल, मग आम्ही वॉचमनने थांबवलेल्या रिक्षात बसलो. काकू मध्ये, मी एका बाजूला, काका दुसऱ्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं होतं आणि ती जागा, तीन बोटं वर, अंगठ्याने दाबत होते. पूर्ण रस्ताभर. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"इतक्या जोरात नका हो दाबू," काकू म्हणाल्या. पण हात काढून घेतला नाही. डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. मी त्या दोघांना असं कधी पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण बाई होत्या. इंजेक्शन देत देत त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय, काकू?"

"साडेअकरा असतील."

"साडेअकरा?" काका म्हणाले. ते काकूंच्या चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी मान नर्सकडे वळवली. आधी का आणलं नाही, हे डॉक्टरीण बाईंनी मला नंतर बाहेर, पॅसेजमध्ये विचारलं. मी काय सांगणार होते? हृदयाची वेळ चालू होती, असं सांगणार होते?

संध्याकाळच्या आत काकू गेल्या.

नंतरचे दिवस मला रागाचेच आठवतात. इमारतीत लोक जिन्यात थांबून बोलायचे. "एवढं हृदय-हृदय करणारा माणूस, आणि भिंतीपलीकडे बायकोचं..." मी एकीला तर तोंडावर सांगितलं की तुझ्या नवऱ्याचा ईसीजी याच माणसाच्या हट्टाने निघाला आणि वेळेवर स्टेंट पडला, विसरलीस का? पण रात्री घरी मला काकांचाही तितकाच राग यायचा, आणि त्याहून जास्त काकूंचा. साधं लाकडी दार. आत नवरा बसलेला. एक थाप मारायची होती. वर्षानुवर्षं एका माणसाची शांतता राखायची सवय इतकी मुरते की स्वतःचा जीव जाताना पण हात उठत नाही, हे मला आजही सहन होत नाही.

हास्यक्लबाचे अध्यक्ष भेटायला आले आणि सोफ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. काकांनी त्यांना पाणी आणून दिलं, पंखा वाढवला, पाठीवर हात ठेवला. स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नाही. मुलगा येऊन राहून गेला, सगळे विधी झाले, तरी नाही. राजाला सांभाळत होते की अजून आत काही पोचलंच नव्हतं, देव जाणे.

मग एक दिवस सुतार आला. काकांनी बेडरूमचं दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. सुतार मला येऊन विचारून गेला, "मॅडम, काकांचं डोकं ठीक आहे ना? चांगलं सागाचं दार आहे." ते दार थोडे दिवस पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं होतं. नंतर वॉचमनने गावी नेलं. बागेतला वर्ग पुन्हा सुरू झाला, पण काका फक्त हालचाली करून घ्यायचे. एका नव्या बाईंनी विचारलं, "काका, हृदयाला राजा का म्हणतात हो?" तर म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. हात वर करा."

आणि अकरा ते एक? त्या वेळात आता ते बाहेरचं दार सताड उघडं टाकून दारातच खुर्चीवर बसायचे. काकू जिथे बसायच्या तिथे. मधेच उठून माझी बेल वाजवायचे. "बरी आहेस ना?" बस, एवढंच विचारायचं आणि परत जाऊन बसायचं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी. खोटं कशाला बोलू, वैतागायचे मी. कधी कधी आतूनच ओरडायचे, "बरी आहे, काका!" तर ते म्हणायचे, "दार उघडून सांग."

आता ते कॅनडात मुलाकडे असतात. जायच्या आधी एकदा जे झालं ते सांगते आणि थांबते.

त्या दुपारी माझ्या छातीत दुखत होतं. आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या पार्टीत नको ते सगळं खाल्लं होतं आणि सकाळपासून नुसत्या चहावर होते. नेहमीच्या वेळी बेल वाजली. मी दार उघडलं, आणि माझा हात छातीवर होता.

काकांनी जीभ बघितली नाही. नाडी धरली नाही. एक शब्द विचारला नाही. माझ्या घरात शिरून त्यांनी लॅपटॉपवरच्या चालू मीटिंगला मोठ्याने सांगितलं, "ती हॉस्पिटलात जाते आहे, तुम्ही बंद करा," आणि मला दंडाला धरून जिन्याने खाली नेलं. लिफ्टची वाट बघायला तयार नव्हते. अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक रिक्षा थांबवली, तिच्यात दुसरी सवारी होती, तिला उतरवलं. सवारी शिव्या देत होती. काका तिला नमस्कार करत होते.

हॉस्पिटल तेच होतं. डॉक्टर दुसरा, तरुण मुलगा. ईसीजी काढला, पट्टी बघितली आणि हसला. "काही नाही, मॅडम. ॲसिडिटी आहे. गॅस झालाय."

"परत काढा," काका म्हणाले.

"आजोबा, एकदम नॉर्मल आहे."

"परत काढा."

त्यांचा चेहरा बघून त्याने परत काढला. परत नॉर्मल. रक्त तपासायला दिलं, तेही ठीक आलं. मी गोळी घेऊन बाहेर आले तेव्हा काका पॅसेजमधल्या बाकावर बसलेले होते, धुळीने भरलेले पाय पुढे करून. मला हायसं वाटलं होतं, शरमही वाटत होती, आणि त्यांना हसवावं असंही वाटत होतं.

"चला काका, घरी. गॅस होता नुसता."

ते उठले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा विस्कटला. आयुष्यभर आनंद पायातून आणि दुःख श्वासातून खाली उतरवणारा तो माणूस, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तोंड उघडं टाकून रडायला लागला. मी शेजारी बसले. त्यांना थांबवलं नाही. रडता रडताच ते बोलायला लागले.

"तीही हेच म्हणाली. मी एक वाजता दार उघडलं, तर ती स्टुलावर. घामाने भिजलेली. मी म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, काही नाही हो, गॅस धरलाय जरा." त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "आणि मग मलाच विचारलं तिने. इतक्या हळू विचारलं. म्हणाली, तुमचं झालं का?"